समुद्राच्या पाण्याचा घट

दोहा मेट्रोच्या तिन्ही लाइन्स जिथे एकत्र येतात, ते मुशैरिब स्टेशन तुम्ही शेकडो वेळा ओलांडलं असेल. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, आणि नजर पुढच्या गाडीच्या वेळेवर. या नावाचा अर्थ आहे ‘पाणी पिण्याची जागा’. आपल्या गावाकडे अशा जागेला पाणवठा म्हणतात. आज ज्या भागात काचेच्या इमारती आणि ट्राम दिसतात, तिथे एके काळी लोक विहिरीचं पाणी भरायला येत होते. म्हणजे रोज सकाळी ऑफिसला जाताना तुम्ही पाणवठ्यावर उतरून गाडी बदलता!

आता हे डोक्यात ठेवा आणि आश्विन महिन्यातल्या तुमच्या फ्लॅटकडे या. प्रतिपदेला घट बसवायचा आहे. तांब्या किंवा छोटं मडकं आहे, नारळ सुपरमार्केटमधून आणलाय, आंब्याची पानं कुणीतरी भारतातून येताना आणलीत. आणि पाणी? पाणी नळाचं. कतारमध्ये बारमाही वाहणारी एकही नदी नाही. घरांना येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं असतं. म्हणजे जे पाणी तुम्ही घटात ओतता, ते थोड्याच दिवसांपूर्वी आखातात लाटा मारत होतं. आणि त्या पाण्यात आता तुम्ही गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी अशा सात नद्यांना बोलावणार.

हे सगळं जरा नाटकी वाटतं का? परदेशात वाढलेल्या अनेकांना वाटतं, आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मंदिर नाही, नदी नाही, गुरुजी व्हिडिओ कॉलवर. कतारमध्ये हिंदूंचं सार्वजनिक मंदिर नाही, पूजाअर्चा घरातच होते. मग उरतं काय, तर एक भांडं आणि त्यातलं पाणी. त्या भांड्यावर एवढा भार टाकता येतो का?

माझं उत्तर ‘हो’ आहे, आणि ते श्रद्धेच्या नव्हे, इतिहासाच्या बाजूने आहे.

आधी एक साधी गोष्ट बघा. गंगेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला गंगेला हाक मारावी लागत नाही. ती समोरच असते. नद्यांना कलशात बोलावणारा विधी मुळात नदीपासून लांब असलेल्या माणसासाठीच आहे. आणि सात नद्यांची ती यादी नीट बघितली तर सिंधू एका टोकाला, कावेरी दुसऱ्या टोकाला, आणि सरस्वती तर डोळ्यांना दिसतही नाही. या सातही नद्यांच्या काठी एकाच वेळी राहणारा माणूस कधी जन्माला आला नाही. पुण्यातला असो, पैठणचा असो की दोह्याचा, प्रत्येकाला किमान सहा नद्या लांबूनच बोलवाव्या लागल्या. तुम्हाला सात. फरक एकाचा आहे.

त्याच कलशपूजेत भांड्याचं एक शरीर कल्पिलेलं आहे. तोंडाशी विष्णू, गळ्याशी रुद्र, बुडाशी ब्रह्मा, मधे मातृगण. आणि पोटात? पोटात सगळे समुद्र, आणि सात द्वीपांची पृथ्वी. म्हणजे ज्यांनी ही पूजा रचली त्यांना घटात समुद्राचं पाणी असणं अजिबात परकं नव्हतं. उलट त्यांच्या कल्पनेत ते आधीपासूनच तिथे होतं. दोह्याच्या नळाने ती कल्पना फक्त शब्दशः खरी केली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कलश हे मंदिराचं स्वस्तातलं रूप आहे असं अनेकांना वाटतं. कालक्रम उलटा आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ आणि अगस्त्य यांच्या जन्माची कथा कुंभाशी जोडलेली आहे. अगस्त्याला पुढे ‘कुंभयोनी’ हे नावच पडलं. अथर्ववेदातल्या कालसूक्तात काळावर ठेवलेल्या भरलेल्या कुंभाची प्रतिमा येते. तेव्हा आपण ज्याला मंदिर म्हणतो तसं काही उभं राहिलेलं नव्हतं. मग भरहुत आणि सांचीच्या दगडी कठड्यांवर पूर्णघट येतो, म्हणजे काठोकाठ भरलेला घडा आणि त्यातून बाहेर झुकणारी कमळं. हे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातलं काम, आणि दोन्ही ठिकाणं बौद्ध. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरचा पूर्णघट तर पुढे आंध्र प्रदेशच्या राजचिन्हात जाऊन बसला. मंदिरं आली आणि त्यांच्या शिखरावर कलश चढला तो यानंतर. मराठीतला ‘कळस’ हा शब्द त्याच ‘कलशा’चा. त्यामुळे ‘आमच्याकडे मंदिर नाही, फक्त कलश आहे’ या वाक्यातला ‘फक्त’ काढून टाकायला हरकत नाही.

इथे कार्ल्याला थोडं थांबू. पुढच्या सुट्टीत भारतात गेलात आणि मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणार असाल, तर एकवीरा आईच्या देवळाशेजारचं ते लेणं नक्की बघा, आणि वर बघायच्या आधी खाली बघा. चैत्यगृहाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, आणि ते प्रत्येक एका मोठ्या घटात रोवल्यासारखे कोरलेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी. घट का, याबद्दल अभ्यासक सांगतात की लाकडी इमारतींत खांबाचं बूड ओल आणि वाळवीपासून वाचवायला भांड्यात ठेवत असावेत, आणि दगडात आल्यावर गरज संपली तरी आकार टिकला. असेल. पण तोपर्यंत भरलेला घट हे समृद्धीचं चिन्हही झालं होतं, तेव्हा सोय आणि शुभ यांत इथे वेगळं काढणं कठीण आहे. त्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतले बरेच दाते धेनुकाकट नावाच्या गावचे, आणि त्यांतले काही स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. नावं मात्र प्राकृत, इथल्यासारखी. म्हणजे बाहेरून आलेल्यांची ओळख सांगणारी, पण इथे रुळलेली माणसं, सह्याद्रीच्या घाटावर, घटातून उगवलेल्या खांबावर आपलं नाव लिहून गेली. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे ‘एक्सपॅट’ मला फार आवडतात.

घटाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खोल अर्थ मात्र इमारतीत नाही, शरीरात आहे. घट म्हणजे गर्भ. गांधारीच्या पोटातून बाहेर आलेल्या मांसाच्या गोळ्याचे एकशे एक भाग करून व्यासांनी ते तुपाच्या कुंभांत ठेवले आणि त्यातून शंभर कौरव आणि दुःशला जन्मली, ही महाभारतातली कथा तुम्ही ऐकली असेल. नवरात्रातला घट आणि त्याच्याभोवती मातीत पेरलेलं धान्य हेही त्याच कल्पनेचं घरगुती रूप. घट म्हणजे देह. म्हणूनच अंत्यसंस्काराच्या वेळी मोठा मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो, फेरीगणिक मडक्याला भोक पाडतात, आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. वेदान्ती लोकांनी हाच घडा घेऊन तत्त्वज्ञान सांगितलं. घड्यातली पोकळी आणि बाहेरचं आकाश वेगळं वाटतं ते मातीच्या भिंतीमुळे, भिंत फुटली की दोन्ही एकच. गौडपादांच्या कारिकांपासून हा ‘घटाकाशा’चा दाखला आहे. आपल्या संतांकडे तो कुंभाराच्या अंगणात येतो. तेरचे गोरोबाकाका थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून कुठलं मडकं भाजलंय आणि कुठलं कच्चं ते सांगतात, आणि कच्चे निघतात नामदेव! कथा मजेशीर आहे, पण ज्याच्या हातात रोज चाक आणि माती होती त्याने ज्ञानाची परीक्षा घ्यावी, हा त्यातला मुद्दा सोडू नका.

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा घडा दान देतात, खानदेशात आखाजीला घागर भरतात. वैशाखातल्या उन्हात दुसऱ्याला पाणी, आणि ते गेलेल्या माणसाच्या नावाने. पारशी लोकांच्या मुक्तादच्या दिवसांत अग्यारीत मृतांच्या नावाने पाण्याने भरलेली, फुलं ठेवलेली भांडी मांडतात. दोन्हींचा उगम वेगळा असेल, पण गेलेल्यांसाठी पाणी भरून ठेवावं असं दोघांनाही वाटलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जी बाजू सणाच्या रीलमध्ये येत नाही तिच्याकडे वळू.

‘घटस्फोट’ हा शब्द तुम्ही मराठीत सहज वापरता. मालिकांमध्ये रोज ऐकता. कधी फोडून बघितलाय? घट अधिक स्फोट, म्हणजे घडा फोडणं. लग्नाचा यात घडा कुठून आला? हा शब्द मुळात लग्नाचा नाहीच. तो बहिष्काराचा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात विधी दिलाय. ‘पतित’ ठरवलेल्या माणसाचे नातलग गावाबाहेर, अशुभ दिवशी संध्याकाळी जमतात. माणूस जिवंत असतो, पण त्याच्या नावाने मेलेल्याला देतात तसं पाणी देतात. दासी भरलेला घडा पायाने लाथाडते. नातलग सुतक पाळतात. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं नाही, एकत्र बसायचं नाही, वारसा द्यायचा नाही. आणि प्रायश्चित्त केलं तर? तर त्याच्यासोबत पवित्र पाण्यात आंघोळ करून पाण्याने भरलेला नवा घडा टाकायचा. माणसाला समाजातून काढायचं तेही घड्याने आणि परत घ्यायचं तेही घड्यानेच. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पां. वा. काण्यांनी या विधीची चर्चा केली आहे. मराठीने पुढे हाच शब्द नवरा-बायकोच्या कायदेशीर फारकतीसाठी उचलला. फारकत म्हटलं तर कागद आठवतो, घटस्फोट म्हटलं तर जिवंतपणी घातलेलं सुतक. शब्दाच्या पोटात काय काय असतं!

जो घडा नद्यांना आत घेतो तोच माणसाला बाहेर ठेवायला वापरला गेला. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं अडकवावं लागे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने वरून पाणी ओतलं तरच प्यायचं, आणि शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज हे वाचायला लहान वाटतं, पण त्या काळच्या पुण्यात ती किती मोठी गोष्ट होती याचा अंदाज पुढच्या प्रसंगावरून येतो. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? तळ्यातून काढलेल्या पाण्याचे १०८ मातीचे घडे, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र, आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

हे वगळून कलशाच्या पावित्र्यावर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. एकाच भांड्याचे हे दोन्ही उपयोग झाले, आणि कधी कधी एकाच गावात.

पण याच परंपरेच्या आतून उलट साक्षही मिळते, आणि ती पाण्याचीच आहे. पैठणच्या एकनाथांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. त्याच नाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षं पाणी भरलं अशी कथा आहे. पैठणच्या नाथवाड्यात तो रांजण दाखवतात, आणि नाथषष्ठीच्या आधी भाविक तो भरायला रांग लावतात. देवाने स्वतःची घागर ओतली की रांजण वाहतो अशी समजूत. देव पाणक्या झाला, ही कल्पना मला शिखरावरच्या सोन्याच्या कळसापेक्षा मोठी वाटते.

श्रवणबेळगोळच्या बाहुबलीचीही अशीच कथा आहे. चामुंडरायाने मोठ्या थाटात अभिषेक केला, पण दूध मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना. शेवटी गुल्लकायी अज्जी नावाची म्हातारी एवढ्याशा भांड्यातून दूध घेऊन आली आणि मूर्ती न्हाली. जैन परंपरेत कलश अष्टमंगलांपैकी एक आहे, एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचं लांछनही कलश, आणि बाहुबलीच्या बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकात १००८ कलश लागतात. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती आजीची वाटी.

मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांकडे लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ असतं. बँड वाजवत विहिरीवर जायचं, घागरी भरून आणायच्या. त्यांची बोली मराठी, धर्म कॅथलिक, आणि विहीर सगळ्यांची. मोहरममध्ये करबलाच्या तहानेची आठवण म्हणून रस्त्यावर पाण्याचे सबील लागतात. हा ‘सबील’ शब्द तर तुम्हाला दोह्यात रोज दिसतो. घरांच्या कुंपणाबाहेर, मशिदीजवळ जे थंड पाण्याचे कूलर लावलेले असतात, ते सबीलच. डिलिव्हरीवाला, सफाई कामगार, ड्रायव्हर, कुणीही थांबून पितो, आणि मालक कोण हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडची पाणपोई आठवा. आखाजीचा घडा आठवा.

आणि आखाताला घडा नवा नाही. जुन्या दोह्यात विहिरींचं पाणी अनेकदा मचूळ असे, गोडं पाणी लांबून यायचं. वायव्येकडच्या अल-झुबाराच्या व्यापारी बंदरात तर पाण्यासाठी गावाबाहेरच्या मुरैरच्या विहिरींवर अवलंबून राहावं लागे, आणि त्या विहिरी राखायला किल्ला बांधलेला होता. आखाती शहरांत खांद्यावर काठी आणि दोन बाजूंना भांडी घेऊन पाणी विकणाऱ्याला ‘कंदरी’ म्हणत. चित्र बघितलंत तर तुम्ही लगेच म्हणाल, ही तर कावड! घराघरांत पाणी थंड करायला मातीचा मोठा ‘हिब’ असे, आणि लहान घड्याला ‘जहला’ म्हणत. समुद्राचं पाणी गोडं करायला इथे १९५० च्या दशकात सुरुवात झाली. त्याच्या आधीचं आखात आणि आपलं कोकण यांच्यात अंतर तसं कमीच होतं. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे, आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये चलन रुपयाचं होतं.

मोत्यासाठी बुडी मारणाऱ्या खलाशांच्या गाण्यांत, ज्यांना ‘फिजिरी’ म्हणतात, टाळ्या आणि ढोलाबरोबर हा जहला वाजवतात. रिकामा पाण्याचा घडा, तोंडावर आणि अंगावर तळव्याने ठोके. बहारीनच्या प्रस्तावावरून २०२१ मध्ये युनेस्कोने फिजिरीला वारसा म्हणून नोंदवलं. दक्षिणेतला घटम् तुम्हाला माहीत असेलच, पण मला आठवते ती आपली अष्टमी. नवरात्रात महालक्ष्मीपुढे चित्पावन घरांतल्या बायका घागर फुंकतात. घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकर घालायची आणि तो घुमणारा आवाज धरून नाचायचं. अरबी समुद्राच्या एका काठावर घडा फुंकतात, दुसऱ्या काठावर ठोकतात. (दोह्याच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला घागर फुंकायची असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा.)

आता कामाची गोष्ट, कारण घट तांब्याचा की मातीचा हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन्ही चालतात, पण मातीच्या घटामागे एक साधी युक्ती आहे. भाजलेली, चकाकी न दिलेली माती पाझरते. घट मातीच्या थरावर ठेवला की पाणी हळूहळू बाहेर येतं आणि भोवती पेरलेलं धान्य त्यावर उगवतं. पाणी थंड करणारा आखाती हिबही याच पाझरण्यावर चालायचा, बाहेर आलेलं पाणी वाफ होताना आतलं गार होतं. दोह्याच्या दमट दिवसांत हे गार होणं फारसं जमत नाही, पण पाझरणं थांबत नाही. त्यामुळे सूक वाकिफमध्ये मातीचं भांडं घ्याल तेव्हा आतून चकाकी दिलेलं घेऊ नका, आणि आदल्या रात्री ते पाण्यात भिजवून ठेवा. तांब्याचा घट असेल तर धान्यावर रोज हाताने पाणी शिंपडावं लागेल, एसीत माती लवकर सुकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसायला लागतात. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की घटातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं झाडांना घालायचं, आणि कोंब गावाकडे टोपीत किंवा फेट्यात खोचतात. टोपी नसेल तर कानामागे खोचा, आणि तसेच मेट्रोत बसा.